आधी निषेध, मग सत्कार

आमच्या वाचक मंडळाच्या रविवारच्या सभेपुढे दोनच विषय होते. पहिला, ‘हात वर’ या सिनेमाचा जाहीर निषेध करणे आणि तो लिहिणाऱ्या तिघांपैकी एक असलेल्या प्रशिकचं आजीव सदस्यत्व रद्द करणे. दुसरा, सिनेमात नाव झळकल्याबद्दल त्याच प्रशिकचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करणे. हा प्रशिक म्हणजे माझा धाकटा भाऊ. व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस वाचली आणि मी तडक सचिव मारोतरावांना फोन लावला.

“भाऊ, हे काय लावलं तुम्ही? एकाच माणसाले लाथबी मारता आन् शालबी देता?”

“सत्कार महिन्याभरापासून ठरला आहे ना वं दीक्षा. शाल आणून ठेवली. पिक्चर असा निघन हे कोणाले माहीत होतं?” मारोतराव म्हणाले. “आन् सदस्य काढला म्हणजे तो बाहेरचा झाला. घरच्याचा कोण सत्कार करते?”

यावर मी फोन ठेवला. मारोतराव जरीपटक्याच्या बाजारात कूलर विकतात. गिऱ्हाईक गप्प करायची त्यांना सवय आहे.

‘हात वर’ ही मुळात कादंबरी, आणि आमची पोथीच म्हणा. आमच्या नागपूरच्याच एका मास्तरांनी लिहिली. मास्तर गेले, तसे तिचे वारस आपणच, असं आमच्या मंडळानं ठरवून टाकलं. कादंबरीतल्या सहमतपूर शहरात रोज सकाळी चौकात जमून सगळ्यांनी हात वर करायचे आणि ठराव मंजूर करायचा. भर मे महिन्यात ठराव होतो, की आज हवा थंड आहे. लोक घामाघूम होऊन हात वर करतात. ‘उकडतं’ म्हणणाऱ्याचा कूलर जप्त होतो. शेवटच्या पानावर सोनबा नावाच्या कारकुनाला हद्दपार करायचा ठराव येतो, आणि सोनबा स्वतःच त्याच्या बाजूनं हात वर करतो. कादंबरी तिथंच संपते. मी ते पान पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला घास गेला नव्हता.

प्रशिकनं नववीत असताना माझी प्रत लांबवली आणि मुखपृष्ठ निघून येईपर्यंत वाचली. आई-बाबा लवकर गेले, त्याला मीच वाढवलं. पण त्याला बोलायला, भांडायला शिकवलं ते या मंडळानं. तो मुंबईला निघाला तेव्हा स्टेशनवर हीच सगळी मंडळी डबे घेऊन आली होती. इथलं नाव कटलं असतं तर त्या पोराला नागपुरात पाय ठेवायला जागा राहिली नसती. माझा जीव त्यातच अडकला होता.

पंचाईत अशी, की सिनेमा खरंच टुकार होता. मी पहिल्या दिवशी पहिला शो पाहिला. प्रशिकचं नाव आलं तेव्हा शिट्टी मारली, आणि सुटल्यावर ओढणीनं तोंड झाकून बाहेर पडले.

सभा शहराच्या टोकाला, बेस्याला नानाजींच्या घरी भरली. नानाजी आमचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक. हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं, कोपऱ्यात कूलर, आणि समोर आरोपी व सत्कारमूर्ती एकाच खुर्चीत.

“सहमतपूरले समुद्र काहून आणला बे?” नानाजींनी सुरुवात केली. “आपल्या गच्चीवरून समुद्र दिसते काय?”

“निर्मात्याचा बंगला समुद्राकाठी आहे सर,” प्रशिक म्हणाला. “शूटिंग तिथंच करा म्हणे.”

शोभाताई आमच्या खजिनदार, एरवी मऊ बाई. त्या उठल्या. “सोनबाची बायको पुस्तकात कुरड्या घालते. पिक्चरमध्ये पोहते! एवढीशी बारीक बाई, तिनं गव्हाचा चीक तरी घोटला असता काय?”

“आन् कूलर?” मारोतराव कडाडले. “पुऱ्या पिक्चरमध्ये एक कूलर नाही! सोनबाच्या घरी एसी. जप्ती एसीची. अरे, एसी जप्त झाला तर माणूस कूलर घेईन. कूलर जप्त झाला तर कुठं जाईन गा तो?”

हॉलमध्ये ‘बरोबर, बरोबर’ झालं. मलाही ते बरोबरच वाटलं.

“कूलरचा आवाज येते ना भाऊ. डायलॉग ऐकू येत नाही,” प्रशिक म्हणाला.

“काय म्हणला?” नानाजी ओरडले. त्यांच्या कानाशी मारोतरावांनीच विकलेला कूलर घरघरत होता.

मग मीच उभी राहिले. भाऊ असला म्हणून काय झालं, पुस्तक माझंही आहे.

“समुद्र जाऊ दे, कूलर जाऊ दे. शेवटाचं बोल,” मी म्हणाले. सिनेमात सोनबा हात खाली ठेवतो, त्याला पाहून शेजारी खाली घेतो, मग एकेक करत सारा चौक हात खाली घेतो, आणि मागे ढोल वाजतात. “असं कुठं होते बे? साऱ्यायचे हात वर असताना एकाचा खाली राह्यला, असं पाह्यलं काय तू कधी?”

प्रशिक एवढा वेळ हसत हसत झेलत होता. आता त्याचं हसू गेलं.

“तेवढं एकच माझं आहे ताई,” तो म्हणाला. “बाकी सारं त्यायनं बदललं, शेवट मी बदलला. नववीपासून मले ते पान सहन होत नाही. दर वेळी वाटे, सोनबा, नको ना करू बा हात वर. म्हणून लिवला.”

माझा जीव त्याच्यासाठी तुटला. शेवट मात्र मला तरीही पटला नव्हता. मी नानाजींना म्हटलं, “सर, निषेधाचा ठराव वेगळा घ्या आन् सदस्यत्वाचा वेगळा. निषेधाले माझा हात आहे. पोराले काढायले नाही.”

“ठराव एकच आहे,” नानाजी म्हणाले. “अर्धा हात वर होते काय? घ्या मतदान.”

आमच्या मंडळात प्रत्येक ठराव एकमतानंच व्हावा लागतो, असा नियम आहे. या कादंबरीच्या मंडळात असला नियम कसा, हा प्रश्न आजवर कोणाला पडला नव्हता. खोटं कशाला सांगू, मलाही नाही.

भराभर हात वर झाले. शोभाताईंचा झाला, बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. माझा कानापर्यंत गेला आणि तिथंच अडकला. मारोतरावांनी मान वळवून हात मोजले.

“प्रशिक, तूबी सदस्य आहे ना अजून. एकमत लागते,” ते अगदी मायेनं म्हणाले. “कर बाबू वर. मंग लगेच सत्कार आहे तुहा. नाश्ता सांगितला आहे.”

त्यांच्या मनात काळंबेरं काही नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. प्रशिकनं सगळ्यांकडे पाहिलं. लहानपणी पाहुण्यांसमोर गाणं म्हण म्हटलं की हसायचा, तसं ओशाळं हसला. आणि त्याचा हात मांडीवरून उठला. छातीशी आला. खांद्याच्या वर गेला.

मी खुर्च्या सरकवत त्याच्याजवळ गेले आणि त्याचं मनगट धरलं. मी पॅथॉलॉजीत रक्त काढते. माझ्या पकडीतून हात सुटत नाही.

“खाली घे.”

“ताई, सारेच म्हणून राहिले तर...”

“खाली घे म्हणते ना बे!”

त्याचा हात खाली आला. मी त्याच्या शेजारी उभी राहून हॉलभर नजर फिरवली. खरं सांगते, एक क्षण मला वाटलं, आता सिनेमासारखं होईल, एकेक हात खाली येईल. एकही आला नाही. शोभाताईंनी पदर सावरायला खाली घेतला तेवढाच, आणि सावरून पुन्हा वर केला.

“म्हणजे ठराव नामंजूर,” नानाजी पुटपुटले. त्यांचाच त्यावर विश्वास बसत नव्हता.

“सर, नामंजूर झाल्याचं लिवतात कसं?” मारोतराव पेन धरून बसले होते. “आपल्याकडं कधी झालंच नाही.”

त्या दोघांची कुजबुज चालू झाली. प्रशिकनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, तरी त्यात आशा होती. लेखकाची जात, दुसरं काय.

“मंग ताई, शेवट पटला म्हणायचा काय तुले?”

“काही पटला नाही. भंगार आहे,” मी म्हणाले. मला रडू येत होतं, म्हणून आवाज आणखी चढला. “पाह्य ना, एकाचा तरी हात खाली आला काय? नाही येत बाबू, कोणाचा नाही येत. त्यायले करू दे वर. पण तुह्याविरुद्ध तू नाही करायचा. मी इथं बसली असताना तर नाहीच नाही.”