‘ये’ म्हटलं की

पीटीच्या सरांनी उभी हयात एका शिट्टीवर अख्खी शाळा ताठ उभी केली. निवृत्तीनंतर त्यांच्या हुकमतीत एकच विद्यार्थी उरला, ढब्बू कुत्रा, आणि त्याने आल्या आल्या ती शिट्टी चावून टाकली.

ढब्बू मुळात लेकीचा. नोकरीसाठी परगावी जाताना तिने तो आईबाबांच्या गळ्यात मारला होता. परवा तो सुटून रस्त्यावर पळाला आणि ट्रकखाली येता येता वाचला. सर मागून “ये, ये” म्हणत घसा फोडत राहिले. लेकीने फोनवरच निकाल दिला, “रविवारी येते मी. हाकेला आला तर राहू दे तुमच्याकडे. नाहीतर मी घेऊन जाईन.”

“खुशाल ने. इथे कोणाला हौस आहे?” असं म्हणून सर तातडीने सरावाला लागले. ढब्बूशिवायचं घर त्यांना कल्पनेतही सोसवत नव्हतं, पण तसं बोलून दाखवलं तर ते पीटीचे सर कसले?

हॉलमध्ये कवायत सुरू झाली. “ढब्बू, इकडे ये!” म्हटलं की ढब्बू उठायचा, कान पाडून दाराशी जायचा आणि पायपुसण्यावर पाठ फिरवून बसायचा. सर “ये रे राजा”वर उतरले. शनिवारपर्यंत मजल “या साहेब, यावं” इथवर गेली. मुख्याध्यापकांनाही त्यांनी कधी ‘यावं’ म्हटलं नव्हतं. साहेबांनी पायपुसणं सोडलं नाही.

“ठार मठ्ठ आहे,” सर बायकोला म्हणाले.

“मठ्ठ कसला? या घरात ‘येतो’, ‘येते’ म्हणून माणसं करतात काय? चपला घालतात आणि निघून जातात. ‘ये’ ऐकलं की तो बिचारा बघायला जातो, आता कोण चाललं.”

सरांनी हे भाषाशास्त्र हसण्यावारी नेलं.

रविवारी लेक आली. सरांनी छाती फुगवून हाक मारली. ढब्बू शिस्तीत पायपुसण्यावर जाऊन बसला.

“बघा,” म्हणत लेकीने खुंटीवरचा पट्टा काढला.

अशा वेळी सरांना एकच गोष्ट जमायची, ती त्यांनी केली. ते ढब्बूवर ओरडले. “जा मग! तोंड दाखवू नकोस! जा!”

ढब्बू धूम पळत आला, सरांच्या पावलांवर बसला आणि जीभ बाहेर काढून वर बघू लागला.

“रोज पावाचा तुकडा देते ना मी त्याला, ‘घे आणि जा’ म्हणून,” बायको म्हणाली. “‘जा’ म्हणजे खाऊ.”

लेक हसून हसून खाली बसली. पट्टा खुंटीवर परत गेला. आता सर भर रस्त्यात ढब्बूला “जा रे, जा” असं कळवळून बोलावणार आणि शेजारी काय समजायचं ते समजणार, त्याला इलाज नव्हता.

संध्याकाळी लेकीने चपला घातल्या. “येते हं, बाबा.”

दार लागलं. ढब्बू कान पाडून पायपुसण्यावर जाऊन बसला.

“अरे, येते म्हणाली ना ती!” सरांनी त्याला दरडावलं, आणि कुरकुरणारे गुडघे कसेबसे दुमडून त्याच्या शेजारी बसले.