तळघरातल्या सिस्टर

ऑपरेशन थिएटर इस्पितळाच्या तळघरात होतं. उजाडायच्या आत खाली उतरायचं आणि दिवेलागणीला वर यायचं, असा तिथल्या नर्सांचा दिवस. ऊन कसलं ते त्यांना सुट्टीच्या दिवशीच दिसायचं, आणि सुट्टी झोपण्यात जायची. या सगळ्यांवर मोठ्या सिस्टरांचा वचक होता. त्यांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं तरी वॉर्डबॉयची चाल बदलायची.

चिमणी त्यांच्या हाताखालची सगळ्यात तरुण नर्स. आवाज बारीक, म्हणून चिमणी. मोठ्या सिस्टरांशी थांबून चार गोष्टी बोलणारी तेवढी ती एकटीच. अलीकडे ती कामात मधेच स्टुलावर टेकायची. एकदा धीर करून म्हणाली, "सिस्टर, मांड्या भरून येतात. हाडं आतून ठणकतात. थोडे दिवस वरच्या वॉर्डात पाठवाल का मला?"

"हाडं ठणकायला तू काय माझी आजेसासू आहेस?" मोठ्या सिस्टर सगळ्यांदेखत कडाडल्या. "लग्न जमलंय, काम नकोसं झालंय, असं सरळ सांग की!"

हशा पिकला. चिमणीही कसनुसं हसली आणि उठून कामाला लागली.

खरं तर तेच दुखणं मोठ्या सिस्टर स्वतः अंगावर काढत होत्या. पलंगावरून उठताना त्यांना हाताचा रेटा द्यावा लागे. नवरा म्हणायचा, "अगं, कुणाला तरी दाखव." त्यावर त्या त्याच्यावरच खेकसायच्या. त्या घरात आल्या की लेकीसुद्धा आवाज खाली करायच्या.

त्याच सुमारास एका डॉक्टरीणबाईंनी सगळ्या कर्मचाऱ्यांचं ड जीवनसत्त्व तपासायला घेतलं. रक्त घेता घेता त्या विचारायच्या, झोप लागते का, जिना चढवतो का, घरी मन रमतं का. मोठ्या सिस्टरांनी ठोकून दिलं, "मला काय धाड भरलीय? सगळं उत्तम."

अहवाल यायच्या आधीच चिमणी पडली. ट्रे घेऊन जिना चढताना पाय उचललाच गेला नाही. मनगट मोडलं.

अहवाल आल्यावर डॉक्टरीणबाईंनी मोठ्या सिस्टरांना बोलावून घेतलं. "चिमणीचं ड जीवनसत्त्व फारच कमी आहे. ऊनच मिळत नाही, मग हाडं, स्नायू दुखणारच. पण सिस्टर, तुमचं तिच्याहून कमी आहे. तुम्हाला खरंच काही होत नाही?"

चिमणी काय सांगत होती, ते मोठ्या सिस्टरांना त्या दिवशीच कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच त्या एवढ्या चिडल्या होत्या.

संध्याकाळी त्या चिमणीच्या घरी गेल्या. आईने दार उघडलं. "या ना! तुमच्यासारख्या मोठ्या माणसांनी यायचं म्हणजे..." ती माउली चहा टाकायला धावली. मोठ्या सिस्टरांना बसायला दिलेली खुर्ची टोचायला लागली.

"चुकलं माझं," त्या पुटपुटल्या. "मलाही तसंच दुखतं. तरी मी तुला हसले."

चिमणी प्लास्टरकडे बघत म्हणाली, "बोललात सगळ्यांसमोर, सिस्टर. माफी मात्र माझ्या आईच्या घरात, हळू आवाजात."

मोठ्या सिस्टरांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी कामाची वाटणी झाल्यावर त्यांनी सगळ्यांना थांबवलं. "चिमणी खोटं बोलत नव्हती. खोटं मी बोलत होते. मला पलंगावरून धड उठता येत नाही." कुणी हसलं नाही. मग कोपऱ्यातून आयाबाई म्हणाल्या, "माझीही पाठ धरते हो." पाठोपाठ आणखी एकीने तोंड उघडलं, मग आणखी एकीने.

औषधं सुरू झाली. मोठ्या सिस्टरांनी वरिष्ठांशी भांडून पाळीपाळीने सगळ्यांना वरच्या वॉर्डात पाठवायची सोय करून घेतली. जेवणाच्या सुट्टीत त्या स्वतः सगळ्यांना अंगणात पिटाळायच्या. घरी त्यांनी नवऱ्याला पहिल्यांदाच म्हटलं, "जरा हात दे रे."

चिमणी परत आली ती वरच्या, खिडक्यांच्या वॉर्डात. जिन्यात दोघी समोरासमोर आल्या.

"बरी आहेस ना?"

"हो, सिस्टर," चिमणी अदबीने म्हणाली आणि बाजूला होऊन त्यांना वाट दिली. पूर्वी ती थांबून चार गोष्टी बोलायची. मोठ्या सिस्टर कठड्याला धरून खाली उतरल्या. मागे वळून बघायचं त्यांना धाडस झालं नाही.