ताई आज नाहीत

थोरली जाऊ त्या दिवशी घरात होती आणि तरीही नव्हती. म्हणजे जेवणाच्या टेबलाशी, खिडकीकडे पाठ करून, ओले केस टॉवेलात गुंडाळून बसलेली ती सगळ्यांना दिसत होती; पण ऑफिसच्या लेखी आज ती या जगातच नव्हती. हाताखालच्या माणसांना तिने स्वतःच सक्त ताकीद दिली होती, की काहीही होवो, मला फोन करायचा नाही.

"मग चहा एकच कप टाकतो," मोठे दीर स्वयंपाकघरातून ओरडले. "नसलेल्या माणसाला कसला चहा!"

"नसलेली माणसं दोन कप पितात," थोरली म्हणाली.

दीर दोन कप तिच्यापुढे ठेवून कामावर गेले, आणि घरात दोघी जावा आणि धाकटीची छकुली एवढ्याच राहिल्या.

धाकटीला थोरलीचं काम तिच्या परीने समजलं होतं. कितीतरी रुग्णालयांच्या रक्तपेढ्या. कुठल्या फ्रीजमध्ये कुठल्या गटाची पिशवी आहे, ती कुणासाठी राखून ठेवलीय, कुणाला दिली गेलीय, हे सगळं एका डेटाबेसमध्ये. तो डेटाबेस क्लाउडवर होता. "क्लाउड म्हणजे ढगबिग काही नाही गं," थोरलीने एकदा भाजी निवडताना सांगितलं होतं. "दुसऱ्याच्या इमारतीत भाड्याने घेतलेली यंत्रं. आणि इमारत म्हटली की तिला आग लागते, पाणी शिरतं, वीज जाते." म्हणून त्याची एक प्रत खूप दूर, दुसऱ्याच प्रदेशात ठेवलेली. तिथली वीज वेगळी, नदी वेगळी. मूळ जागेत एखादी नोंद झाली की क्षणभराने ती दूरच्या प्रतीत पोचायची. मूळ जागा पडली तर दूरच्या प्रतीला पुढे आणायचं आणि कारभार तिच्या हाती द्यायचा, हे थोरलीचं काम.

आणि ते वेळेवर जमावं म्हणून अधूनमधून सराव. थोरलीचे साहेब मुद्दाम मूळ जागेकडे जाणारी जोडणी, त्यांच्या भाषेत 'रस्ता', तोडायचे आणि तिच्या माणसांनी दूरची जागा उभी करून दाखवायची. मागच्या सरावात सगळं सुरळीत झालं, साहेबांनी पाठ थोपटली, आणि थोरली घरी आली ती तोंड पाडून. प्रत्येक पायरीला सगळ्यांनी तिच्याच तोंडाकडे बघितलं होतं. "यंत्र पडलं तर काय करायचं ते ठरलंय," ती म्हणाली होती, "पण मी पडले तर?" म्हणून आजच्या सरावातून तिने स्वतःलाच वजा केलं. लॅपटॉपवर टीमचं बोलणं ऐकण्यापुरती तिला मुभा होती. माइक बंद.

धाकटीला हे काही पटलं नव्हतं. ती छकुली झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी बाई.

"मी तर हिला ह्यांच्याकडे सोपवून आंघोळीला गेले तरी दार किलकिलं ठेवते," ती म्हणाली.

"मग भावोजी शिकणार कधी?"

"शिकायला माझीच पोर सापडली का त्यांना?"

थोरली खळखळून हसली. तेवढ्यात लॅपटॉपमधून आवाज आला.

"गेली! मूळ जागा गेली! साहेबांना आज भलतीच घाई दिसतेय."

हा एक्स्प्रेस. थोरलीच्या टीममधला, वाक्य संपायच्या आत पुढचं सुरू करणारा. थोरली त्याच्याबद्दल बोलताना नेहमी म्हणायची, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पण हात सोन्याचा. त्याच्या मागोमाग एका बाईचा सावकाश आवाज आला, "चला, सुरू करू या." ही चष्मा. या घरात तिचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

थोरलीच्या कपाळावर आठी पडली. सराव इतक्यात सुरू व्हायचा नव्हता. आणि त्याच वेळी तिचा फोन वाजला. साहेब. तिने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"अगं, मी अजून काही केलेलंच नाही!"

"म्हणजे?"

"म्हणजे मी नाश्ता करतोय! रस्ता मी तोडलेला नाही. ती जागा खरीच पडलीये. तिथली वीज गेलीय, यंत्रं एकेक करून झोपतायत. तुझी पोरं खिदळतायत, त्यांना वाटतंय सराव आहे. सोड ते सोंग आणि ताबडतोब ताबा घे."

धाकटीला आपलं बाळंतपण आठवलं. तेव्हा तिला रक्त चढवावं लागलं होतं. खाटेशेजारी टांगलेली ती पिशवी, तिच्यावरची चिठ्ठी, आणि नर्सने ती चिठ्ठी दोनदा मोठ्याने वाचलेली, हे तिला अजून स्वप्नात दिसायचं. अशी पिशवी कुणाला तरी या क्षणी लागत असणार.

"ताई, घ्या ना ताबा! बघताय काय?"

थोरली बघत नव्हती, विचार करत होती. मग ती भरभर काहीतरी टाइप करू लागली. धाकटीने खांद्यावरून वाचलं. 'हा सराव नाही. मूळ जागा खरोखर गेली आहे. मी अजूनही नाही. ठरवायचं तुम्ही.'

"डोकं फिरलंय का तुझं?" साहेब फोनमधून ओरडले.

"साहेब, सरावात मागे फिरायची वाट उघडी असते. आज नाही, हे त्यांना कळायलाच हवं होतं. ते सांगितलं. पण आता मी एक शब्द जरी बोलले ना, तर सगळे हात सोडून माझ्या तोंडाकडे बघत बसतील. मी ऐकतेय. पाय घसरलाच कुणाचा, तर तोंड उघडायला मला कितीसा वेळ लागतो?"

साहेब काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी फोन ठेवला.

"छकुलीला दे इकडे," थोरली म्हणाली. "हात रिकामे राहिले तर माइककडे जातील."

लॅपटॉपमधलं हसू मावळलं होतं. कुणाची तरी खुर्ची करकरली. मग एक्स्प्रेसच, पण आवाज चिरका, "मग वाट कसली बघताय? दूरची उभी करा! रुग्णालयांचे फोन यायला लागलेत."

"थांब," चष्मा म्हणाली. "मूळ जागा मेलीये की अर्धमेली?"

थोरलीने डोळे मिटले. "विचारलंन," ती हळूच म्हणाली. "विचारलंन बयेने."

"अर्धमेली म्हणजे?" धाकटीने विचारलं.

"म्हणजे काही रुग्णालयांना ती अजून दिसतेय, काहींना नाही. आता दूरची उभी केली की दोन मालक झाले. इथला म्हणेल ही पिशवी अमक्याला, तिथला म्हणेल तीच पिशवी तमक्याला. एका म्यानात दोन तलवारी. एक पिशवी आणि दोन माणसं खाटेवर."

लॅपटॉपमध्ये चष्मा सांगत होती, की मूळ जागेपर्यंत आपला हात पोचत नाहीये, तेव्हा तिला बंद करता येणार नाही; पण रुग्णालयांकडून तिच्याकडे जाणारे रस्ते आपल्या ताब्यात आहेत. ते आधी बंद करा. सगळे.

"अगं पण जी रुग्णालयं कशीबशी चाललीयत, तीसुद्धा बंद पडतील!" एक्स्प्रेस म्हणाला. "आपल्याच हाताने बंद पाडायची?"

"आपल्याच हाताने."

"आणि कुणाला तातडीने रक्त लागलं तर?"

"रक्त डेटाबेसमध्ये नसतं रे बाबा, फ्रीजमध्ये असतं. फ्रीज त्यांच्यापाशीच आहे. फोन करून सांग, आपल्याकडची पिशवी आपल्याच रुग्णाला द्या, कागदावर लिहून ठेवा. बाहेरच्या कुणाला पिशवी द्यायचं कबूल करू नका."

पुढचा वेळ कसा गेला ते धाकटीला सांगता आलं नसतं. रस्ते एकामागून एक बंद होत होते. कुणीतरी रुग्णालयाचं नाव घ्यायचं, कुणीतरी "बंद" म्हणायचं. मध्येच एखाद्या फोनवर कुणी डॉक्टर चिडून बोलत असलेला ऐकू यायचा आणि चष्मा तेच शांतपणे पुन्हा सांगायची. छकुली थोरलीच्या टॉवेलचं टोक चोखत होती. थोरलीचे ओठ नुसतेच हलत होते, परीक्षेच्या हॉलबाहेर उभ्या राहिलेल्या आयांचे हलतात तसे.

एक रस्ता काही केल्या बंद होईना.

"एकच राहिलाय, तोही छोट्याशा रुग्णालयाचा," एक्स्प्रेस म्हणाला. "सोडून द्या. करा दूरची उभी."

थोरलीचा हात छकुलीच्या पोटावरून सुटला आणि माइकच्या बटणावर जाऊन थांबला. धाकटीला मनापासून वाटत होतं, दाबा, एकदा दाबा, मग सगळं मार्गी लागेल.

"एक राहिला म्हणजे सगळे राहिले," लॅपटॉपमधून चष्म्याचा आवाज आला. "फोन लाव त्या रुग्णालयाला. म्हणावं, तुमच्या बाजूची तार काढा. मी थांबते."

थोरलीने हात मागे घेतला. बटणावर घामाचा ठसा उमटला होता.

त्या छोट्या रुग्णालयाचा रस्ताही बंद झाला, आणि मग दूरची जागा उभी राहायला फार वेळ लागला नाही. एक्स्प्रेसने आरोळी ठोकली. "उभी! झकास! उघडा रस्ते!"

"नाही," चष्मा म्हणाली.

आता मात्र थोरली चमकली. "हे काय नवीन?"

"चुकतेय का ती?" धाकटीने घाबरून विचारलं.

"गप. ऐकू दे."

चष्मा सांगत होती, की दूरची प्रत मूळ जागेच्या क्षणभर मागे असते. तो शेवटचा क्षण तिकडेच अडकलाय आणि त्यात काय नोंदलं गेलं ते आपल्याला माहीत नाही. रस्ते उघडा, पण फक्त बघण्यापुरते. पडद्यावरून पिशवी देण्याची परवानगी कुणालाच नको. आधी प्रत्येक रक्तपेढीला फोन करा आणि फ्रीज उघडून मोजायला सांगा. ज्यांचं मोजून जुळलं, त्यांना मोकळं करा.

"मोजायला?" एक्स्प्रेस कळवळला. "हाताने?"

"डोळ्यांनी मोजलं तरी चालेल."

एवढ्या ताणातसुद्धा दोघंतिघं हसले. थोरली हसली नाही. "हे मी शिकवलेलं नाही," ती म्हणाली. "मी रस्ते उघडले असते. उघडून मग मोजत बसले असते."

"म्हणजे..."

"म्हणजे ती चुकत नाहीये गं. मी चुकले असते."

फोन लागत गेले. जुळलं. जुळलं. इथलंही जुळलं. मग एका रक्तपेढीतली बाई फोनवर म्हणाली, "तुमच्या पडद्यावर ती दुर्मीळ गटाची पिशवी आमच्या फ्रीजमध्ये दिसतेय होय? नाही हो, ती तर मगाशीच ऑपरेशनला गेली. नोंद केली होती मी." दुसऱ्या एका रुग्णालयाची त्याच गटासाठीची मागणी पडद्यावर वाट बघत उभीच होती. रस्ते उघडले असते तर त्या रुग्णालयाला होकार गेला असता, तिथल्या डॉक्टरांनी रुग्णाला ऑपरेशनसाठी आत घेतलं असतं, आणि गाडी रिकाम्या फ्रीजपाशी येऊन थांबली असती.

"काढा ती नोंद," चष्मा म्हणाली. "त्या रुग्णालयासाठी दुसरीकडे शोधा, आत्ता. पुढचा फोन."

थोड्या वेळाने दुसरीकडे मिळाली. लांबची होती, पण होती. रक्तपेढीवाल्याने फ्रीजसमोर उभं राहून पिशवी हातात धरूनच सांगितलं. आवाजावरून तो माणूस धाकटीच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

"शाब्बास," थोरली बंद माइकला म्हणाली. तिचं नाक लाल झालं होतं. "शाब्बास गं माझ्या राणी."

"अहो, माइक लावून सांगा की!"

"उद्या सांगेन. आज तिला कळू दे, कुणी शाब्बास म्हटलं नाही तरी आपलं चालतं."

या बाईने आयुष्याची इतकी वर्षं खपून जे उभं केलं, ते तिच्यावाचून चालताना बघून ती अशी खुलली होती, की कुणाला वाटावं हिचीच पोर पहिलं पाऊल टाकतेय. आणि ती पडली असती तर? तर हिने झेप घेतली असती, यात धाकटीला तीळमात्र शंका नव्हती. त्या बटणावरचा घामाचा ठसा तिने बघितला होता. छातीत धडधडत असताना हात मागे घ्यायचा, हे कुठल्या शाळेत शिकवतात?

दुपारी छकुलीला केळं भरवायचं चाललं होतं तेव्हा थोरलीचा फोन पुन्हा वाजला. पडद्यावर साहेबांचं नाव. थोरलीची बोटं बरबटलेली. तिने हनुवटीने फोनकडे खूण केली आणि धाकटीकडे बघून डोळे मिचकावले.

"मी? मी काय बोलू?" धाकटी कुजबुजली. पण फोन वाजतच राहिला, तेव्हा तिने तो उचलला.

"छान झालं सगळं!" साहेब म्हणाले. "ऐक, मूळ जागा परत सुरू झालीय. आता लगेच सगळं घरी आणा. दुरून कारभार करायचा म्हणजे हळू चालतं, लोक कुरकुर करतात."

"मी त्यांची जाऊ बोलतेय."

"अं? मग त्यांना द्या ना फोन."

समोर थोरली छकुलीच्या तोंडात घास कोंबत जोरजोरात नकाराची मान हलवत होती. साहेबलोकांशी बोलताना धाकटीची जीभ नेहमी टाळ्याला चिकटायची.

"ताई आज नाहीत."

"नाहीत? अहो, मागून मला त्यांचा आवाज येतोय!"

"येत असेल. पण त्या नाहीत." आणि मग तिला स्वतःलाच कळलं नाही कुठून, पण पुढचं सगळं एका दमात बाहेर आलं. "तुम्ही चष्म्याला विचारा. जुनी जागा नुसती उठून बसलीय की शुद्धीवर आलीय, ते ती आधी बघेल. तिच्यात अडकलेला तो शेवटचा क्षणही आधी काढून घेईल. एकदा दोन मालक टाळलेत ना तिने, आता परत येताना कशाला करून ठेवायचे?"

"तुम्ही कुठल्या कंपनीत असता?" साहेबांनी विचारलं.

"मी घरी असते."

"बरं," ते म्हणाले. "बरं. तिला विचारतो."

धाकटीने फोन ठेवला. थोरली केळ्याने बरबटलेला हात हवेत तसाच धरून, तोंडाचा आ वासून तिच्याकडे बघत होती. पण दोघींपैकी कुणी काही बोलायच्या आतच लॅपटॉपमध्ये चष्म्याचा फोन वाजलेला ऐकू आला. दोघी जावा टेबलावर वाकल्या. छकुलीसुद्धा कशाला कोण जाणे, घास तोंडात धरून गप्प बसली.

"हो साहेब," चष्मा म्हणत होती. "नाही साहेब. आज नाही. मी सांगेन तेव्हा."