दोन टोकांचे बाबा

कारखान्याच्या फाटकाशी नुसती झुंबड उडाली होती. भिंतीवर चार हात लांब फोटो टांगलेला. बाकांवर दोनशे कामगार, डाव्या टोकाला बाबा आणि उजव्या टोकालाही तेच बाबा.

"एक देह इथे, दुसरा तिथे," बाबा सांगत होते. "शंकेखोराला मात्र एकच दिसतो हो, बिचाऱ्याला."

फोटोवाल्याने कपाळावर हात मारला. फोटो त्यानेच काढला होता. आणि त्याची थोरली बहीण सगळ्यांत पुढे हात जोडून उभी होती.

"कालपासून यांचं इन्शुलिन बंद केलंय," ती म्हणाली. "बाबांचा एक देह यांच्या उशाशी बसतो."

"ताई, भावोजींच्या जिवाशी खेळू नकोस."

"तुझ्याच कॅमेऱ्याने दाखवलं ना? मग म्हण तो खोटा."

त्याला आता सगळं आठवलं. फोटोआधी बाबांनी किती गोडीगुलाबीने विचारलं होतं, "हे यंत्र या टोकापासून त्या टोकापर्यंत वळायला किती वेळ घेतं हो?" आणि यानेही फुशारकीने सांगितलं होतं, मोजून वीस सेकंद, वळत वळत एकेक भाग टिपतं. वर कामगारांना दम दिला होता, मान वळवाल तर तोंड पुसट येईल. सगळे श्वास रोखून समोर बघत राहिले. बाकांमागे काय चाललंय ते बघणार कोण?

त्याने फोटोला भिंग लावलं. डाव्या बाबांच्या पायात दोन चपला, उजव्या बाबांच्या पायात एक. दुसरी बाकांमागच्या गवतात सापडली.

"ही बाबांची लीला," कोणीतरी म्हणालंच.

"बरं, मग ताईची लीला बघू." त्याने कामगारांना पुन्हा रांगेत उभं केलं. "ताई, तू डावीकडे थांब. कॅमेरा तुझ्यावरून पुढे वळला की मी हात करतो. मग मागून पळत उजवं टोक गाठ."

"या वयात मला पळवतोस?"

"बाबा काय तरणेताठे आहेत?"

ताई पळाली. दुपारी त्याने ओला फोटो सगळ्यांसमोर धरला. डावीकडे ताई, उजवीकडे धापा टाकणारी ताई. बाबा तोवर दोन्ही देहांनी पसार झाले होते.

"दोन्हीकडे मीच," ती पुटपुटली.

"मग बाबाही असेच पळाले, देह एकच. तर भावोजींच्या उशाशी कोण होतं?"

तिने पदर खोचला. "कोणी नाही रे. सकाळपासून पाणी पाणी करत एकटेच पडलेत."

आणि ती धावत सुटली, या खेपेला डॉक्टरकडे. भावोजी वाचले, पण थोडक्यात.

कॅमेरा खोटं बोलला नव्हता. त्याने एकामागून एक पाहिलं, लोकांनी ते एकाच वेळी घडलं असं मानलं. तेव्हा हात जोडण्याआधी एवढं विचारा, की मागून कोण पळालं? आणि कुणाच्या सांगण्यावरून घरातल्या माणसाचं औषध तोडू नका.