पान नसलेली आज्ञा

"रोज लागणारी आज्ञा, आणि तिचं माहितीपानच नाही. धन्य आहे," नवा इंजिनीअर स्क्रीनशी पुटपुटला.

शेजारच्या खुर्चीतल्या ताईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. छापखान्याचे संगणक ती अठरा वर्षं सांभाळत होती. चुकत, धडपडत, आपलं आपण शिकलेली. छापखाना धाकट्या भावाचा, त्यामुळे कामगारांचीही ती ताईच. महिन्यापूर्वी भावानं हा टक्कल पडू लागलेला पदवीवाला आणला. ताईनं संगणकासाठी लिहून ठेवलेल्या स्क्रिप्टमधल्या ओळीन् ओळीचा अर्थ त्यानं वहीत उतरवायचा होता. वही भरल्यावर पुढं काय, तो विषय कुणी काढत नव्हतं. "नोंद असलेली बरी," एवढंच भाऊ भिंतीकडं बघत म्हणे.

पण आठवडाभर वही अडली होती. man लिहून पुढं आज्ञेचं नाव दिलं की तिचं माहितीपान उघडतं, एवढंच इंजिनीअरला ठाऊक. फोल्डर बदलायच्या cd चं पान सापडेना. echo चं सापडलं, त्यात वाचून त्यानं आवृत्ती विचारणारं --version जोडून पाहिलं, तर आवृत्ती सांगायची सोडून यंत्रानं तेच अक्षर न् अक्षर पोपटासारखं परत छापलं. ताईला दोन शब्दांत सांगता आलं असतं. पण हा अडलाय तोवर आपली खुर्ची आहे, हेही तिला कळत होतं. तिनं मिठाची गुळणी धरली.

दुपारी भावानं सगळ्यांदेखत त्याला झापलं. आठवड्यात एक पान नाही, मग ती पदवी काय चाटायचीय का, असं विचारलं. तो मान खाली घालून शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत राहिला. पुसून झाला तरी पुसत राहिला. अठरा वर्षांपूर्वी अशीच आपण मान खाली घातली होती, हे ताईला नेमकं तेव्हाच आठवलं.

भाऊ गेल्यावर तिनं कीबोर्ड ओढला.

"आधी type cd विचारा. बघा, बिल्टिन म्हणतंय. म्हणजे शेलच्या, आपण लिहिलेलं वाचणाऱ्या प्रोग्रामच्याच, पोटातली आज्ञा. तिथं man कामाचं नाही, help cd लिहायचं. echo चंही तेच. तुम्ही वाचलं ते त्याच नावाच्या, बाहेरच्या दुसऱ्या echo चं पान."

स्क्रीन भरली. "तुम्हाला हे आधीपासून..." म्हणत त्यानं उरलेलं गिळलं.

संध्याकाळी अडलेल्या ओळी भरून वही भावाच्या टेबलावर गेली. त्यानं ती शेवटापर्यंत चाळली, मग पहिल्यापासून पुन्हा. ताईनं आपला चष्मा डबीत ठेवला आणि ती उभी राहिली.

"झाली ना वही? मग बोल की आता."

भावानं वही मिटली.

"ताई, सोमवारपासून तू येऊ नकोस."