तोगाची गाठ

कच्चा आराखडा वाचून संपादक कुराहाशींनी तो टेबलावर ठेवला.

"सेन्सेई, गेल्या अंकात राक्षसाने तोगाचा उजवा हात तोडला. या अंकात ती डाव्या हाताने सपासप तलवार चालवतेय. कुठल्या क्लासला गेली होती?"

'सेन्सेई' हा मान चित्रकार नात्सुएचा. तोगा तिच्या मांगाची, म्हणजे चित्रकथा-मालिकेची नायिका, शापित राज्यात एकटी लढणारी. वाचकांच्या मतांत मालिका तळाला गेली होती. हा भाग फसला की गाशा गुंडाळायचा.

"वाचकांना लढाई हवी असते, रडगाणं नको," ती फणकारली.

ते गेल्यावर रागाच्या भरात ती रेघा ओढत सुटली, आणि दुपारपर्यंत मनगट असं सुजलं की निब धरवेना. दुखणं जुनंच, या धंद्यात ते सहसा कुणाला चुकत नाही. डॉक्टरांनी उजवा हात पट्टीत बांधला आणि म्हणाले, हा अंक सोडा. सोडायला त्यांचं काय जातंय!

तिने डाव्या हातात पेन्सिल धरली. डोळा काढायला गेली तर बटाटा उमटला. जेवताना नूडल्स मांडीवर. बुटाची नाडी बांधता येईना, तेव्हा दारात बसून ती चक्क रडली. रडता रडताच लक्षात आलं, की तोगाने यातलं काहीच भोगलेलं नाही. आपण तिला फुकटात शूर केलंय.

तिने आराखडा फाडला. नव्या भागात एकच काम: राक्षस जवळ येतोय, आणि तोगा दातांनी दोरी ओढून तलवार डाव्या हाताला बांधतेय. गाठ सुटते. ती पुन्हा बांधते. सगळं नात्सुएच्या डाव्या हाताच्या थरथरत्या रेघांत.

सेन्सेईंनी काढलेल्या माणसांना मदतनिसांनी हात लावायचा नाही, त्यांनी डोंगर, किल्ले काढायचे, काळं भरायचं, हा स्टुडिओचा नियम. इतकी वर्षं तो पाळणाऱ्या मदतनीस इवासाबाईंनी प्रेमापोटी तो मोडला. थरथरत्या रेघांवर पांढरा रंग फासून त्यांनी तोगा नीटनेटकी करून ठेवली.

"लोक हसतील हो, सेन्सेई," त्या म्हणाल्या.

"हसू देत. तुमची रेघ सुंदर आहे, इवासासान. पण ही तोगा जन्मापासून डावरी वाटतेय."

इवासाबाईंचे डोळे भरले. नात्सुएलाही वाईट वाटलं, पण पांढऱ्यावर तिने पुन्हा स्वतःचीच वाकडी रेघ ओढली. सगळ्या पानांवर.

कुराहाशींनी पानं उभ्यानेच वाचली. शेवटच्या चौकटीत गाठ बसली होती आणि राक्षस समोर होता.

"अख्ख्या भागात एकही वार नाही," ते म्हणाले.

"नाही."

त्यांनी पहिल्या पानापासून पुन्हा वाचलं, मग सगळी पानं जपून पाकिटात सरकवली. "हे छापूच. पुढच्या महिन्यात तुमचं मनगट बरं होईल, मग काढा पुन्हा उजव्याने."

"माझं होईल हो बरं," नात्सुए म्हणाली. "तिचा हात कुठे परत येणार आहे? तोगा आता डाव्यानेच काढायची. ती शिकेल तशी मीही शिकेन."