दामाजीच्या घराची हाक

परशुराम दामाजींनी आयुष्यात हजारो पत्रांना उत्तरं दिली होती. कल्याणच्या एका वाचनालयात त्यांनी एकतीस वर्षं कारकुनी केली. कुणाचं पुस्तक परत आलं नाही, कुणाची वर्गणी संपली, कुणाला दिवाळी अंक मिळाला नाही, सगळ्यांना त्यांचं वळणदार अक्षरातलं उत्तर तिसऱ्या दिवशी पोचायचं. एकाच पत्राचं उत्तर तेवढं राहून गेलं. आणि ते तर एका शब्दाचं होतं.

ते पत्र ब्याऐंशी साली आलं. अक्षर बालवाडीच्या बाईंचं, पण सांगणारी आवडाबय. निवटेपाड्याची आवडाबय म्हणजे परशुरामांच्या वडिलांची चुलतबहीण. दोघांची घरं एका भिंतीला लागून.

‘चि. परशास आवडाबयचा आशीर्वाद. परवाच्या वादळात गावची सगळी घरं वाचली. हाक फिरली. तुझ्या घरासाठी दर खेपेला मीच “हाय” बोलते. ती हाक देवीच्या कानावर जाते. मी खरं बोलते का खोटं, तेवढं कळव. तू हाय का?’

निवटेपाडा हे खाडीकाठचं सतरा घरांचं कोळ्यांचं गाव. तिथली रीत अशी, की वादळ ओसरलं आणि उजाडलं की देवळाशेजारच्या पहिल्या घरातून हाक सुटायची. प्रत्येक घराने फक्त आपल्या पुढच्या घराला हाक मारायची. त्या घरातल्या मोठ्या माणसाने उंबऱ्यावर उभं राहून ‘हाय’ म्हणायचं, घरात किती माणसं आहेत ते सांगायचं, आणि मग पुढच्या घराला हाक घालायची. सतरावं घर देवळाला हाक मारी, पुजारी घंटा वाजवी, आणि मगच गावात चुली पेटत. तोवर कुणी चहाचं आधणसुद्धा ठेवत नसे.

परशुराम बाविसाव्या वर्षी गाव सोडून गेले. वडील वारल्यावर होडीतला वाटाही त्यांनी विकून टाकला. बायको केली ती जुन्नरकडची, विमलाबाई. राहायला ठाकुर्लीत, तिसऱ्या मजल्यावर, चार कपाटं पुस्तकांसह. गावाला शेवटचे गेले ते एका मयताला. तिथे तोंडून ‘आपण कधी आलात?’ असं निघालं आणि चार पोरं तोंड फिरवून हसली. तेव्हापासून त्यांना वाटू लागलं, आपण ना तिथले राहिलो, ना इथले झालो. मग ‘हाय’ म्हणायचा आपल्याला काय अधिकार?

उत्तराचा पहिला खर्डा चार पानांचा झाला. वाचून पाहिला तर वाचनालयाच्या वार्षिक अहवालासारखा वाटला. फाडला. दुसऱ्यात माफी फार झाली, तिसऱ्यात कमी पडली. असं करता करता दिवाळी आली, वर्ष उलटलं. मग उशीर का झाला तेही लिहिणं आलं, आणि तो खुलासा दर वर्षी लांबतच गेला. पत्र शब्दकोशाच्या पानांत जाऊन बसलं आणि परशुराम शब्द बघायला शेजाऱ्यांचा कोश मागू लागले.

एक्याण्णव साली दिवाळी होऊन गेल्यावर वादळ आलं. संध्याकाळपासून सकाळपर्यंत वाऱ्याने ठाकुर्ली हलवून काढली. शेजारच्या इमारतीच्या टाकीचं झाकण उडून यांच्या गॅलरीत येऊन पडलं. उजाडताना वारा उतरला, आणि दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरची शालू होती.

“काका, बरे आहात ना दोघं?”

“आहोत, आहोत. तुम्ही?”

“आमची खिडकी गेली फक्त. चला, वरच्यांना विचारून येते.”

दार लावून परशुराम वळले, तर विमलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

“काय झालं?” परशुरामांनी विचारलं.

“काही नाही. त्या शालूला किती पटकन सांगितलंत, ‘आहोत’ म्हणून. एक खर्डा नाही, काही नाही.”

परशुराम गॅलरीतलं टाकीचं झाकण उचलायला वळले.

“त्या म्हातारीला नऊ वर्षं झाली विचारून. आता या वादळानंतर विचारायची पाळी तुमची आहे. ती आहे का नाही, हे त्या शब्दकोशात बघणार आहात का?”

“गाड्या बंद असतील.”

“पाय चालू आहेत ना? चपला घाला.”

परशुराम निघाले. खाडीच्या बांधाने सव्वा तासाची वाट. बाभळी आडव्या पडल्या होत्या, कुणाच्या घराचा पत्रा चिखलात उभा रुतला होता. चालता चालता ते मनात वाक्य जुळवत होते. ‘बय, पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला.’ उशीर? नऊ वर्षांना उशीर म्हणतात का? ते वाक्य खोडून पुढचं जुळवेपर्यंत गाव आलं.

पडझडीमुळे हाक त्या दिवशी उशिरा सुटली होती. सगळं गाव घरांच्या दोन रांगांमधल्या बोळात जमलं होतं. अर्ध्या घरांची कौलं उडालेली, पण माणसं उभी होती. परशुराम पिंपळाआड थांबले. सहाव्या घराने सातव्याला हाक घातली. सातवं घर गुणाजीचं. गुणाजी आणि परशुराम एका पाटीवर बाराखडी शिकले होते. गुणाजीला पुढे फक्त होडी वाचता आली, पण ती त्याच्याइतकी चांगली गावात कुणाला येत नव्हती.

“हाय!” गुणाजी उंबऱ्यावरून गरजला. “सात हाव! ना सगली चहाला तापली हाव!”

गाव हसलं. पुढचं घर परशुरामांचं होतं. समोर दिसतच होतं. ओटीचा एक कोपरा खचला होता, दाराला कुलूप होतं, उंबरा मात्र शाबूत होता. आणि आवडाबय कुठेच दिसत नव्हती. तिच्या दारालाही कुलूप.

“आता कसं?” कुणी बाई म्हणाली. “बय तर काल दुपारीच कल्याणला गेली, लेकीकडं, जनीकडं. मी बघितलं ना बोचकं घेऊन जाताना. दामाजीच्या घराला कोन ‘हाय’ बोलनार?”

“दोनी घरं सोरून पुढं हाक घाल रे गुणाजी,” एक म्हातारा ओरडला. “भरती लागलीय. चुली पेटू दे.”

गुणाजी हट्टी होता. “सोरायचं ते हाक मारून सोरीन. रीत हाय.” त्याने तोंडाशी हात धरले. “दामाजीचं घर! हाय का?”

मागे खाडीचं पाणी तेवढं वाजत होतं.

परशुरामांच्या मनात तेवढ्या वेळात सगळे खर्डे फाडून झाले. ओळखलं नाही तर? हसले तर? ‘हाय’ म्हणावं की ‘आहे’? पाय मात्र खर्डे करीत नव्हते. ते पिंपळाआडून निघाले, बोळ ओलांडला, सगळ्या गावाचे डोळे पाठीवर घेऊन खचलेली ओटी चढले आणि बापाच्या उंबऱ्यावर उभे राहिले.

“हाय,” ते म्हणाले.

आवाज वाचनालयातला होता. समोरच्या ओळीलासुद्धा पोचला नाही.

“कोन रे तो?” मागून कुणीतरी विचारलं.

परशुरामांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि छातीत हवा भरली. “हाय! दामाजीचं घर हाय! दोन हाव, एक ठाकुर्लीला बसलीय!”

गुणाजी उंबऱ्यावरच मटकन बसला. “आयला, परशा! मेल्या, तू?” मग बायकांचा एकच कालवा झाला. चार पोरं हसलीही, पण या वेळी त्यांनी तोंडं फिरवली नव्हती.

“चला, झालं!” तो घाईतला म्हातारा म्हणाला. “आता आवडाबयचं सोरून तिच्या पुढचं बोल. ती नायच तर हाक कशाला?”

इथे परशुरामांमधला कारकून जागा झाला. एकतीस वर्षं त्यांनी पुस्तक कपाटात असल्याचं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नोंदीवर खूण केली नव्हती. ‘असेल’ आणि ‘नसेल’ या शब्दांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. शिवाय त्या बाईने त्यांचं घर इतकी वर्षं न बघताच सोडून दिलं नव्हतं.

“ती नाय हे विचारल्याबिगर कसं कळंल?” ते म्हणाले, आणि आधाराला शेजारच्या भिंतीवर तळवा टेकून त्यांनी हाक दिली, “आवडाबयचं घर! हाय का?”

कुणी उत्तर दिलं नाही. पण तळव्याखाली भिंत हलल्यासारखी वाटली. त्यांनी कान भिंतीला लावला. ठक. ठक. मग जरा वेळाने पुन्हा ठक.

“गप्प बसा सगळे!” परशुराम ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुणावर ओरडले होते. “बय आत हाय! भिंत ठोकतेय!”

गुणाजी दोन उड्यांत ओटीवर आला. त्याने कान लावला आणि तिथूनच खाडीकडे पाहिलं. भरतीचं पाणी मागच्या अंगणात शिरलं होतं. “पडवीतून आवाज येतोय. सहदेव, वल्ही आन! दोर आन! अर्ध्या घटकेत पानी उंबऱ्याला लागंल!”

माणसं मागे धावली. पडवीचं छप्पर, माशांच्या सुकवणीचे बांबू आणि आढं, सगळं एकावर एक कोसळलेलं होतं. परशुरामही गुडघाभर पाण्यात उतरले. त्यांना कुणी उतरू नका म्हणालं नाही, हे त्यांच्या लक्षात नंतर आलं. गुणाजीने दोन वल्ही आढ्याखाली सरकवली. “एक, दोन, हं!” आढं वीतभर उठलं. “अजून! परशा, पुस्तकं उचलतोस ना? उचल!” परशुरामांनी खांदा लावला. आढं हातभर वर आलं आणि सहदेवने खालून कौलं ओढून काढली.

आत आवडाबय मिठाच्या उलट्या पिंपावर बसली होती. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलेलं, एक पाय बांबूंत अडकलेला, एका हातात वरवंटा आणि काखेत एक भिजलेली कोंबडी. आवाज साफ बसलेला होता. ती पुटपुटली ते गुणाजीने कान नेऊन ऐकलं आणि मोठ्याने हसत सगळ्यांना सांगितलं, “बय बोलतेय, ‘रातभर बोंबलतेय, बहिरे झालाव का रे?’”

ती जनीकडे निघाली होती हे खरं होतं. अर्ध्या वाटेत अंड्यावर आलेली कोंबडी आठवली, म्हणून ती मागच्या दाराने परत आली, आणि पडवीत शिरली तेवढ्यात छप्पर खाली आलं. पुढच्या दाराला कुलूप तसंच राहिलं.

तिला उचलून पुढे आणलं. पाय सुजला होता, पण मोडला नव्हता. कुणी घोंगडी आणली, कुणी म्हणालं, आधी चहा ठेवा, म्हातारी गारठली. तशी तिने वरवंटा उगारला. तिने विचारलं ते अगदी जवळच्यालाच ऐकू आलं.

“माझ्या घराला हाक कोनी घातली?”

“परशानं,” गुणाजी म्हणाला.

“कंचा परशा?”

परशुराम पुढे झाले. चष्मा खिशात, धोतराला चिखल, खांद्यावर कौलाची लाल धूळ. म्हातारीने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि कोंबडी त्यांच्या हातात दिली.

“धर. मना माझ्या उंबऱ्यावर ने. हाक अर्धी हाय.”

गुणाजीने कुलूप फोडलं आणि दोघांनी तिला उंबऱ्यावर उभं केलं. तिने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. तिने परशुरामांच्या दंडाला चिमटा काढला.

“तुझ्या घरासाठी इतकी वर्सं मी बोललंव. आज तू बोल.”

आणि परशुराम दामाजी बोलले. काखेत कोंबडी धरून, बापाच्या बोलीत, खाडीपलीकडच्या कांदळवनातले बगळे उडतील अशा आवाजात. “आवडाबयचं घर हाय! एक हाय, ना एक कोंबरी हाय! रतनचं घर, हाय का?”

“हाय!” पलीकडून रतनने उत्तर दिलं. “पाच हाव!”

हाक पुढे धावली. अकरावं घर, बारावं, तेरावं. ज्या घराला छप्पर उरलं नव्हतं तेही ‘हाय’ म्हणालं. सतराव्या घराने देवळाला हाक घातली आणि घंटा वाजली. पुजारी ती थांबवीचना. आवडाबयच्या ओठांवर आकडे चालले होते. सगळे संपले तशी तिने मान हलवली. “सतरा. सगली खरी,” ती म्हणाली. “आज एक पन खोटी नाय.”

मग सतरा चुली पेटल्या. पहिला कप आवडाबयला, दुसरा परशुरामांना मिळाला. ते चष्मा लावून निघायच्या तयारीत उभे राहिले आणि बांधावर जुळवलेलं वाक्य म्हणायला लागले, “बय, पत्राला उत्तर द्यायला—”

तिने हात वर करून थांबवलं. “पत्राचं उत्तर तोंडी चालत नाय. पोस्टमन दर खेपेला मना हसतो, बोलतो, म्हातारे, तुझा भाचा लिवायला इसरला काय. त्याच्या हातून आलं पायजे.”

“आलं पायजे म्हंजे पायजेच,” गुणाजी म्हणाला. “मोठ्या अक्षरात लिव. मी वाचून दाखवनार हाय.”

दुपारी परशुराम घरी पोचले. विमलाबाईंनी चिखल पाहिला, खांदा पाहिला, आणि काहीही न विचारता बादलीत गरम पाणी ओतलं. अंघोळ करता करताच त्यांनी आतून सगळं सांगून टाकलं, आणि तेही इतक्या मोठ्याने, की खालच्या मजल्यावर शालूनेही ऐकलं. मग ते टेबलाशी बसले. शब्दकोश उघडला, जुनं पत्र काढून समोर ठेवलं, आणि शेजारी एक कोरं कार्ड.

“किती कागद देऊ फाडायला?” विमलाबाईंनी विचारलं.

“एकही नको.”

त्यांनी गुणाजीला वाचता यावं अशा टपोऱ्या अक्षरात लिहिलं:

‘आवडाबय, हाय. दोन हाव. परशा.’

खाली खूप जागा उरली. तिच्याकडे बघताना त्यांचा हात क्षणभर वळवळला. मग त्यांनी टोपण लावलं, चपला घातल्या, आणि स्टेशनजवळच्या लाल पेटीत कार्ड टाकलं. ते आत तळाला पडल्याचा आवाज ऐकला, आणि मगच घराकडे वळले.